रविवार कोणाचा? : न्यू ऑर्लिन्समधल्या एका उन्हाळी दिवसाचा इतिहास

न्यू ऑर्लिन्स या शहरात उन्हाळ्यात जाणाऱ्या प्रवाशाचा दिवस बहुधा ठरून गेलेला असतो. सकाळी, ऊन चढण्याआधी, शहराच्या दक्षिणेला बाराटारियाच्या पाणथळीत जायचे. पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडे, त्यांच्या फांद्यांवरून जटांसारख्या लोंबणाऱ्या करड्या वेली आणि ओंडक्यासारख्या निश्चल पडलेल्या मगरी पाहायच्या. दुपारी घामाने भिजून शहरात परतायचे आणि गंबो नावाचे दाट, काळपट कालवण भाताबरोबर खायचे. दिवस कलला की एखाद्या जुन्या, पोपडे निघालेल्या भिंतींच्या खोलीत किंवा थेट रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून जॅझ ऐकायचे. आम्हीही तो दिवस याच क्रमाने घालवला आणि तो सुखाचा गेला, हे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

परंतु निसर्ग, स्थानिक खाद्य आणि संगीत अशी तीन वेगवेगळी आकर्षणे मांडणे ही माहितीपत्रकांची सोय आहे. या शहराच्या इतिहासात त्या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या नव्हत्या. पाणथळ, बाजारातले अन्न आणि ढोलाच्या तालावरचे नाच यांची गाठ ज्या दिवशी पडे, तो दिवस रविवार होता. तो रविवार ज्यांचा होता, त्यांचे आठवड्याचे उरलेले सहा दिवस त्यांच्या मालकीचे नव्हते. जॅझचा इतिहास पुष्कळदा वाद्यांचा, वादकांचा आणि ध्वनिमुद्रिकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो सुट्टीच्या दिवसाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो, आणि तसा वाचला की प्रवाशाच्या त्या सुखाच्या दिवसाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

आधी भूगोल. फ्रेंच वसाहतकार बिएनव्हिल याने १७१८ साली मिसिसिपी नदीच्या एका वळणावर हे शहर वसवले. नदीने हजारो वर्षे पुरात आणलेला गाळ काठावर साचून तिथे नैसर्गिक बांध तयार झाला आहे. त्यामुळे नदीलगतची जमीन उंच आणि नदीपासून दूर जावे तशी सखल, असा आपल्या सवयीच्या उलटा प्रकार येथे आढळतो. उंच जमिनीवर हवेल्या, मळे, गोदामे आणि गिरजाघर उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे सायप्रसचे जंगल, चिखल, डास आणि पाणी. उन्हाळ्यात हवा इतकी दमट होते की सावलीतही दिलासा मिळत नाही. या हवेत पीतज्वर फोफावे. १८५३ च्या साथीत एका उन्हाळ्यात शहरातली सुमारे ८,००० माणसे दगावली. ज्यांना परवडे ती कुटुंबे उन्हाळा सुरू होताच शहर सोडून जात. मागे राहत ते गरीब, नवे आलेले स्थलांतरित आणि गुलाम.

आफ्रिकेतून गुलामांना घेऊन येणारी पहिली जहाजे लुइझियानात १७१९ मध्ये आली. त्या जहाजांच्या कप्तानांना दिलेल्या सूचनांत एक तपशील आहे, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो: भाताच्या बियाण्याची काही पिंपे आणावीत आणि भातशेती जाणणारी काही माणसे विकत घ्यावीत. म्हणजे वसाहतीला हात हवे होते तसे ज्ञानही हवे होते. उपाशी वसाहत जगवण्याची विद्या सेनेगाम्बियाच्या शेतकऱ्यांजवळ होती, युरोपीय वसाहतकारांजवळ नव्हती. आज न्यू ऑर्लिन्सच्या प्रत्येक प्रसिद्ध पदार्थाखाली जो भात असतो, त्याची सुरुवात या खरेदीत आहे.

१७२४ मध्ये लुइझियानात 'कोड न्वार', म्हणजे गुलामांसंबंधीची फ्रेंच संहिता, लागू झाली. ती संहिता क्रूर होती. पळून जाणाऱ्याचे कान कापण्याची शिक्षा तिच्यात लिहिलेली होती. त्याच संहितेने कॅथलिक धर्माज्ञा म्हणून रविवारी आणि सणांच्या दिवशी गुलामांकडून काम करून घेण्यास मनाई केली. अन्न देण्याच्या ऐवजी गुलामाला एखादा दिवस स्वतःसाठी काम करू देऊन आपली जबाबदारी झटकण्यासही धन्यांना मनाई होती. धन्यांनी नेमके तेच केले. गुलामांना मळ्याच्या कडेला जमिनीचा लहानसा तुकडा द्यायचा, त्यावर त्यांनी रविवारी पिकवायचे आणि आठवडाभर खायचे, अशी रीत पडली. धन्याच्या कंजूषपणातून निघालेल्या या रीतीने गुलामांच्या हाती एक दिवस आला, थोडी माती आली आणि काही काळाने विकण्याजोगा शेतमाल आला. शहराच्या मागच्या अंगाला, तटबंदीच्या पलीकडे, रविवारचा बाजार भरू लागला.

येथे पाणथळीचा संबंध येतो. मळ्यांच्या मागे पसरलेले सायप्रसचे जंगल धन्यांच्या लेखी निरुपयोगी आणि रोगट होते. पळालेल्यांना तेच आश्रयस्थान होते. तिथल्या कालव्यासारख्या संथ प्रवाहांच्या, म्हणजे बायूंच्या, वाटा त्यांना पाठ होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पॅनिश अमदानीत, सान मालो नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली अशा फरारींच्या वस्त्याच उभ्या राहिल्या. ही माणसे जगापासून तुटून राहत नव्हती. ती मासे धरीत, शिकार करीत, सायप्रसचे ओंडके तोडून लाकडाच्या गिरण्यांना विकीत आणि मळ्यांवर राहिलेल्या आपल्या माणसांशी संबंध ठेवून असत. १७८४ च्या मोहिमेत सान मालो पकडला गेला आणि १९ जून रोजी त्याला गिरजाघरासमोरच्या चौकात फाशी देण्यात आले. तो चौक आज जॅक्सन स्क्वेअर म्हणून ओळखला जातो. प्रवासी तिथे थांबतात, चित्रे विकत घेतात, रस्त्यावरच्या वादकांच्या पेटीत नाणी टाकतात.

सान मालोचे नाव बोर्ग्न सरोवराच्या काठावरच्या एका वस्तीला राहिले. एकोणिसाव्या शतकात तिथे फिलिपिनो कोळी खांबांवरच्या झोपड्यांत राहत. पुढे जपानविषयक लेखनासाठी प्रसिद्ध झालेला लाफ्काडिओ हर्न तेव्हा न्यू ऑर्लिन्सात पत्रकार होता. त्याने १८८३ मध्ये या वस्तीवर एक लेख लिहिला आणि १८८५ मध्ये क्रिओल पाककृतींचे पुस्तकही प्रसिद्ध केले. बाराटारियाच्या उपसागरात अशाच फिलिपिनो वस्त्यांतून कोळंबी मोठमोठ्या फळ्यांवर उन्हात वाळवली जाई आणि तिची टरफले निघावीत म्हणून तिच्यावर तालात नाचत पावले आपटली जात. ज्यांनी कोकणात अंगणातल्या चटईवर सोडे आणि सुकट वाळताना पाहिली आहे, त्यांना त्या उन्हाची आणि त्या वासाची ओळख पटवून देण्याची गरज नाही. ती वाळलेली कोळंबी पुढे गंबोत पडे.

गंबो हा शब्द मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांतून आला असे मानले जाते आणि त्याचा अर्थ भेंडी. भेंडीच्या चिकटपणाने दाटपणा आलेले कालवण ते गंबो. भेंडी नसेल त्या ऋतूत सासाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, म्हणजे 'फिले', घालायची; ही चॉक्टॉ या मूळच्या रहिवाशांची देणगी. पीठ तेलात मंद विस्तवावर तांबूस काळपट होईपर्यंत भाजून त्याने रश्श्याला अंग आणायचे, ही फ्रेंच रीत. पुढे यात स्पॅनिशांचे, जर्मनांचे आणि इतरांचेही वाटे सांगितले जातात. त्यामुळे हा पदार्थ शहराचे रूपक बनून गेला आहे. जॅझही 'गंबोसारखे' आहे, आफ्रिकी ताल, युरोपीय वाद्ये आणि कॅरिबियन लय यांचे मिश्रण आहे, असे वाक्य जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शकाच्या तोंडी असते.

हे रूपक खोटे नाही, पण अपुरे आहे. कालवणात कोणी काय घातले याची यादी ते देते. ते ढवळीत विस्तवापुढे उभे कोण होते आणि पंगतीत कोण बसले, हे सांगायचे मात्र राहून जाते. जातवार पंगतींच्या समाजात वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. न्यू ऑर्लिन्सात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीने रांधलेला गंबो गोऱ्यांच्या उपाहारगृहात खाल्ला जाई आणि त्या स्वयंपाकिणीला त्याच उपाहारगृहात टेबलापाशी बसता येत नसे. १९४१ मध्ये ट्रेमे भागात सुरू झालेल्या 'डूकी चेस' या उपाहारगृहाच्या माडीवर नागरी हक्कांच्या चळवळीतली काळी आणि गोरी माणसे कायदा मोडून एकत्र बसत आणि लिआ चेस (१९२३–२०१९) यांच्या हातचा गंबो खात. त्या जेवणाला 'मिश्रण' म्हणण्यापेक्षा सहभोजन हा आपला शब्द अधिक शोभतो, कारण त्यात धोका होता.

अन्नाने स्वातंत्र्यही विकत घेता येई. स्पॅनिश कायद्यात गुलामाला ठरलेली किंमत देऊन स्वतःला सोडवून घेण्याची मुभा होती. तांदळाच्या पिठात शिजलेला भात, अंडी आणि साखर घालून तळलेले 'कालास' नावाचे वडे डोक्यावरच्या टोपलीतून विकणाऱ्या बायका शहराच्या आठवणीत आहेत. रविवारच्या अशा विक्रीतून पैसा जमवून स्वतःची किंवा मुलांची सुटका करणाऱ्या बायका होत्या. पदार्थ गोड होता. तो विकणारीच्या हिशेबात मात्र एकेक नाणे सुटकेच्या रकमेत जमा होत होते.

बाजार असेल तिथे माणसे जमतात, आणि माणसे जमली की ढोल वाजतो. १८०३ मध्ये लुइझियाना अमेरिकेच्या ताब्यात आले. १८०९ मध्ये, हैतीच्या क्रांतीनंतर क्युबात गेलेले ९,००० हून अधिक निर्वासित तिथून न्यू ऑर्लिन्सात येऊन पोहोचले. त्यांत गोरे, मुक्त कृष्णवर्णीय आणि गुलाम हे तिन्ही गट होते. शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली. १८११ मध्ये जवळच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांचा मोठा उठाव झाला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. या पार्श्वभूमीवर १८१७ मध्ये नगरपालिकेने नियम केला की गुलामांनी नाचगाण्यासाठी जमायचे ते रविवारी आणि नेमून दिलेल्या जागीच. तो नियम माणसांना आवरण्यासाठी होता. नेमलेली जागा म्हणजे बाजाराची जुनी जागा. तिला पुढे काँगो स्क्वेअर म्हणू लागले.

वॉशिंग्टनमधल्या संसदभवनाच्या बांधकामावर काम केलेला वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब १८१९ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी तिथे आला होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुरून आलेला आवाज ऐकून तो त्या मैदानाशी पोहोचला. पाचसहाशे माणसे लहानलहान रिंगणे करून जमली होती. त्याने ढोलांची आणि भोपळ्याच्या एका तंतुवाद्याची रेखाटने केली. ती आज अमूल्य ठरली आहेत. गाणे मात्र त्याला रानटी वाटले. ज्याला ते आवडले नाही, त्याच्याच वहीमुळे आपल्याला ते पाहता येते. दुसऱ्या वर्षी, १८२० मध्ये, पीतज्वराने लॅट्रोबचा त्याच शहरात अंत झाला.

काँगो स्क्वेअरमधून जॅझ थेट उगवले असे मानण्याची घाई करू नये. ते मेळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ओसरले आणि जॅझ म्हणता येईल असे संगीत शतकाच्या अखेरीस आले. या दोहोंना जोडणारा दुवा आमच्या मते रविवारच्या त्या रीतीत आहे: आठवड्यातला एक मोकळा दिवस, उघड्यावर जमणे, विकत आणि वाटून खाणे, आणि वाजवणारा व नाचणारा यांच्यात भिंत नसणे. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली आणि कृष्णवर्णीयांच्या परस्पर साहाय्यक मंडळ्या वाढल्या. वर्गणी भरणाऱ्या सभासदाला ही मंडळी डॉक्टर देत, मेल्यावर ब्रास बँड लावून सन्मानाने पोहोचवीत आणि वर्षातून एका रविवारी मिरवणूक काढीत. मंडळाचे सभासद व बँड ही पहिली रांग. त्यांच्या मागे नाचत येणारा वाटसरूंचा लोंढा ही 'सेकंड लाइन'. या मिरवणुका आजही निघतात. त्यांचा हंगाम ऑगस्टच्या शेवटापासून जूनपर्यंत चालतो. मधले भाजून काढणारे आठवडे सोडून दिलेले असतात.

उन्हाने या संगीताला घराबाहेर काढले, असेही म्हणता येईल. विजेच्या पंख्याआधीच्या त्या शहरात उन्हाळ्याच्या रविवारी माणसे वाऱ्याच्या शोधात निघत. उत्तरेला पाँचरट्रेन सरोवराच्या काठी मिल्नबर्ग नावाचे ठिकाण होते. १८३१ मध्ये सुरू झालेली, अमेरिकेतल्या अगदी आरंभीच्या लोहमार्गांपैकी एक अशी आगगाडी शहरातून थेट तिथे जाई. पाण्यात खांबांवर उभारलेल्या लाकडी खोल्या भाड्याने मिळत. रविवारी कुटुंबे आणि मंडळ्या तिथे जात, खेकडे आणि कोळंबी शिजवीत, आणि बहुतेक खोल्यांतून एकेक बँड वाजत असे. पाण्यावरून आवाज दूर जातो; एका धक्क्यावरचे वादन दुसऱ्या धक्क्यावर ऐकू येई. कायद्याने ज्यांना एकत्र बसू दिले नाही ते वादक तिथे एकमेकांना ऐकून शिकले. उन्हाळी सहल, सरोवराचा वारा, ताजे मासे आणि समोर वाजणारे जॅझ: आजच्या प्रवाशाचा दिवस शंभर वर्षांपूर्वीच्या मजुरांनी आणि कारागिरांनी आधीच जगून ठेवलेला आहे.

'कायद्याने' म्हणण्याचे कारण आहे. १८९० मध्ये लुइझियानाने आगगाडीत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. १८९२ मध्ये होमर प्लेसी हा ट्रेमेतला क्रिओल चर्मकाम करणारा तरुण ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याने अटक करवून घेतली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल देऊन 'वेगळे पण समान' हे तत्त्व पक्के केले. (प्लेसीला मरणोत्तर माफी २०२२ मध्ये मिळाली.) यानंतरची वर्षे हीच जॅझच्या जन्माची वर्षे. १९०२ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी लिंकन पार्क हे करमणुकीचे उद्यान निघाले. त्याच्या शेजारच्या मैदानातून बडी बोल्डन (१८७७–१९३१) आपल्या कॉर्नेटचा सूर असा फेकी, की लिंकन पार्कमधली माणसे उठून त्याच्याकडे येत, अशी आख्यायिका आहे. १९०७ मध्ये बोल्डनला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि उरलेले आयुष्य त्याने तिथेच काढले. त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. जॅझच्या पहिल्या नावाजलेल्या वादकाचा आवाज त्या उन्हाळी हवेतच विरला. १९१७ मध्ये जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती न्यू यॉर्कमध्ये आणि गोऱ्या वादकांची.

सुट्टीचा हा प्रश्न मराठी विचारविश्वाला अपरिचित नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये आठवड्याची रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडल्याचे प्रसिद्ध आहे. कॅथलिक संहितेतून आलेला एक रविवार आणि खंडोबाच्या नावाने मागितलेला दुसरा, या दोन्हींत धर्माचे नाव घेऊन शरीराचा हक्क सांगितला गेला. फुल्यांनी मुक्तीचे जे नाते महासागरापलीकडे जोडले, त्याचा एक धागा या रविवारातून जातो असे आम्हांस वाटते.

जॅझ स्वतःही मुंबईला आले. बालपणातली काही वर्षे न्यू ऑर्लिन्सात राहून पियानो शिकलेला टेडी वेदरफर्ड शिकागो आणि शांघायमार्गे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोहोचला. १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेतल्या वर्णभेदाने दमलेल्या अशा वादकांना येथे मान आणि पगार मिळाला, पण त्यांचा श्रोता वसाहतीतल्या वरच्या वर्गाचा होता आणि मैफल बंद दिवाणखान्यातली होती. ती बाहेर काढली गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून पोटासाठी मुंबईला आलेल्या या वादकांनी हॉटेलातले जॅझ सिनेमाच्या स्टुडिओत नेले. हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांना 'चिक चॉकलेट' म्हणून आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून लोक ओळखत. १९५१ च्या 'अलबेला'त पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींना त्यांच्या ट्रम्पेटची साथ मिळाली, आणि ज्या श्रोत्याला ताजच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या त्याने ते संगीत चार आण्यांच्या बाकावर बसून ऐकले.

खऱ्या लुई आर्मस्ट्राँगने (१९०१–१९७१) मात्र कित्येक वर्षे आपल्या गावी पाऊल ठेवले नाही. १९५६ मध्ये लुइझियानाने काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र करमणुकीवर बंदी घातली, म्हणजे त्याच्या मिश्र बँडला तिथे वाजवता येईना. तो परतला १९६५ मध्ये, नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर. या सर्व काळात तो पत्रांच्या शेवटी, सहीआधी, लाल घेवडा आणि भात या आपल्या आवडत्या पदार्थाचे नाव गुंफीत असे. हा सोमवारचा पदार्थ. सोमवार धुण्याचा वार. रविवारच्या जेवणातले उरलेले हाडूक घालून घेवड्याचे भांडे चुलीवर ठेवायचे, ते धुणे आटपेपर्यंत आपोआप शिजते. रविवार संपल्यावर उरते ते काम आणि काल उरलेले अन्न, हे त्या पदार्थात साठवलेले आहे.

प्रवाशाने पाहिलेला तो दिवस ज्या जागांवर उभा होता, त्यांतल्या पुष्कळ आता नाहीत. मिल्नबर्गच्या खोल्या सरोवरात भर घालण्याच्या योजनेत गेल्या. त्या जागी १९३९ मध्ये आलेले करमणूक केंद्र १९६४ पर्यंत फक्त गोऱ्यांसाठी होते. ट्रेमेला लागून असलेल्या क्लेबोर्न हमरस्त्याच्या मधोमध ओक वृक्षांची दाट रांग होती. तिच्या सावलीत कृष्णवर्णीय कुटुंबे जमत, रांधत आणि मिरवणुका पाहत. १९६६ मध्ये ती झाडे तोडून तिथे उन्नत महामार्ग उभारण्यात आला. आज त्याच्या सिमेंटच्या खांबांवर ओक वृक्षांची चित्रे रंगवलेली आहेत आणि मिरवणुका त्याच पुलाखाली थांबतात, कारण तिथे ब्रास बँडचा आवाज घुमतो. सावली गेली तेथे लोकांनी प्रतिध्वनीचा उपयोग करून घेतला.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कत्रिना वादळात बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. उंच जमीन तुलनेने वाचली. मागची सखल जमीन, जिथे वादक राहत, ती बुडाली. १७१८ मधला उंचसखलपणा असा तीन शतकांनी पुन्हा मोजला गेला. वादळानंतर शहराने रविवारच्या मिरवणुकांचे परवाना शुल्क वाढवले, तेव्हा मंडळ्यांना आपला रविवार परत मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले. आणि प्रवासी सकाळी जी पाणथळ पाहतात ती लाटांना अडवणारी ढाल झिजते आहे. नदीला बांध घातल्याने गाळ पोहोचत नाही. तेल आणि वायूसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरते. १९३२ पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली आहे. सान मालोच्या लोकांना लपवणारे जंगल मोठ्या प्रमाणावर विसाव्या शतकाच्या आरंभीच लाकडासाठी तोडले गेले होते.

काँगो स्क्वेअरला १८९३ मध्ये गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचे नाव देण्यात आले होते. लोकांच्या तोंडी जुने नाव राहिले आणि २०११ मध्ये नगरपालिकेने ते अधिकृतपणे परत दिले. तिथे आजही रविवारी दुपारी ढोल घेऊन माणसे जमतात. त्यासाठी तिकीट नाही.

यामुळे प्रवाशाने आपल्या आनंदाबद्दल अपराधी व्हावे, असे आम्हांस म्हणायचे नाही. तो आनंद निर्माण करणाऱ्यांनी तो आधी स्वतःसाठी, भर उन्हात, मोजून मिळालेल्या तासांत केला होता, आणि त्यात दुःखाइतकीच चैनही होती. मात्र प्रवासी ज्याला सुट्टी म्हणतो ती त्याच्या सबंध वर्षातली निवड असते. त्या मैदानावर जमणाऱ्यांना सूर्यास्ताआधी पांगावे लागे. गंबोची वाटी, सायप्रसचे पाणी आणि ट्रम्पेटचा सूर यांचा एकत्र विचार करताना एवढी वेळेची मर्यादा ध्यानात राहिली, तरी रविवार कोणाचा होता आणि तो कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला, हे विसरले जाणार नाही.